बेवारस ट्रॉली

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भोगावं लागलं ते जावयाला.

सासऱ्यांच्या घराला तीन जिने, लेकीच्या घराला लिफ्ट. तेव्हा सहा आठवडे ते लेकीकडे राहणार हे ओघानेच आलं. डॉक्टरांची अट एकच होती. झोपायला उंच आणि घट्ट खाट हवी, बसता-उठताना गुडघा फार वाकता कामा नये. आता जावयाच्या घरात पलंग नव्हता असं नाही. पण दोन वर्षांपूर्वी जावईबापूंनी कुठल्याशा पुरवणीत वाचलं की जमिनीलगत झोपलं की पाठ सुधारते, आणि लगेच सुतार बोलावून पलंगाचे चारी पाय वीत-वीतभर कापून घेतले. सुतार बिचारा म्हणाला होता, "साहेब, कापलेला पाय परत जोडता येत नाही, बघा." त्यावर साहेबांनी त्याच्याकडे, कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं होतं. पाठ काही सुधारली नाही, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

हे असं बघणं त्यांच्या पोटापाण्याचं होतं. परीक्षा मंडळाच्या गैरवर्तन शाखेत ते सव्वीस वर्षं काम करत होते. कॉपी करताना पकडलेल्या मुलांना समोर बसवायचं, जबाब घ्यायचा आणि अहवाल लिहायचा. इमारतीत सगळे त्यांना 'पर्यवेक्षक' म्हणत, कारण घरी आल्यावरही ते नोकरी चालूच ठेवत. लिफ्टमध्ये आधी उतरणाऱ्याला उतरू द्यावं, जिन्यात चपला एका ओळीत ठेवाव्यात, कचऱ्याच्या डब्यावर झाकण ठेवावं, अशा गोष्टी ते लोकांना रोज नव्याने सांगत आणि लोक त्या रोज नव्याने विसरत. त्यांच्या बायकोला 'पर्यवेक्षकीणबाई' ही पदवी मग आपोआपच मिळाली. खरं सांगायचं तर साऱ्या इमारतीत त्यांची तत्त्वं मनापासून खरी मानणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे ती. "आमच्या ह्यांचा स्वभाव आहे जरा किचकट," ती सांगायची, "पण दुसऱ्याच्या सुतळीच्या तोड्यालाही हात लावायचे नाहीत." पर्यवेक्षकांना आयुष्यात बढती दोनदा हुकली होती. पण हे वाक्य कानावर पडलं की त्यांना त्याचं फारसं काही वाटत नसे.

सासरे शनिवारी संध्याकाळी पाचला येणार होते. शुक्रवारी बायकोला कळलं, की गावाबाहेरच्या त्या अवाढव्य पत्र्याच्या दुकानात, ज्याला सगळे नुसतं 'गोदाम' म्हणत, घडीच्या उंच खाटा आल्या आहेत. ही बातमी अर्ध्या तासात जिन्यातून वर-खाली फिरली आणि सल्ले सुरू झाले.

तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "शनिवारी गोदामात जाऊ नका. चांगली चांगली माणसं तिथे कामातून जातात."

"मग कधी जावं?"

"जाऊच नये. पण निघालाच आहात तर आमच्यासाठी टॉयलेट रोलांचा मोठा गठ्ठा आणा."

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी खाट उघडून, वर बसून, दोन उड्या मारून बघायला सांगितलं. लाज बाळगायची नाही म्हणाल्या, आणि कपडे धुवायच्या लिक्विडचा पाच लिटरचा कॅन सांगितला. समोरच्या दारातले दंतवैद्य सर्वांत व्यवहारी. "तिथे शिष्टाचार पाळत बसलात तर हात हलवत परत याल," ते म्हणाले. "कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. ट्रॉली रेटायची." त्यांना लांब दांड्याचा मॉप हवा होता.

"मी माणसासारखा जाईन आणि माणसासारखा परत येईन," पर्यवेक्षक म्हणाले आणि तिघांच्याही वस्तू लिहून घेतल्या.

गोदामात शिरायला कार्ड लागतं. दारावरच्या बाईने कार्ड यंत्रावर धरलं, यंत्राने तांबडा दिवा दाखवला, आणि तिने त्यांना डावीकडच्या काउंटरवर पाठवलं. मुदत संपली होती. नवा फॉर्म, नवा फोटो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने बायकोचा फोटो काढला, तिचं कार्ड छापलं, 'मुख्य सदस्य' म्हणून तिच्या हातात दिलं आणि मग पर्यवेक्षकांना म्हणाला, "तुम्ही कोण यांचे?"

"नवरा."

"मग तुम्ही पूरक." आणि त्यांच्या नाकाचा एका बाजूने फोटो काढून त्याने खरोखरच 'पूरक सदस्य' असं कार्ड छापून दिलं. सव्वीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय एकाही कॉपीबहाद्दराची फाइल पुढे सरकली नाही, तो माणूस गळ्यात 'पूरक' अडकवून आत शिरला. बायको हसली नाही, हा तिचा चांगुलपणा.

आत शिरताच त्यांनी पहिला नियम सांगितला. "एक कुटुंब, एक ट्रॉली. हे लोक घरटी दोन-दोन ट्रॉल्या घेतात म्हणून तर रस्ते तुंबतात. मी ट्रॉली घेऊन खाटेकडे जातो. तू यादीतलं हातात मावेल ते घे आणि तिकडेच ये."

"बरं. पण अहो, सरळ खाटेकडे जा हं. वाटेत कुणाला काही सांगत बसू नका."

"मी कशाला कुणाला सांगायला जातोय?"

खाटा होत्या अगदी पलीकडच्या टोकाला, टायरांच्या अलीकडे. चालत पाच मिनिटांचा रस्ता. पर्यवेक्षकांना तो कापायला एक तास आणि दहा मिनिटं लागली, आणि याला ते स्वतः सोडून बाकी सगळे जबाबदार होते.

आधी शेजाऱ्यांचं घेऊन टाकावं म्हणून ते रोलांकडे वळले तर तिथे दोन मैत्रिणींची गाठ पडलेली. दोघींनी आपापल्या ट्रॉल्या आडव्या लावल्या होत्या आणि मध्ये उभ्या राहून कुणाच्या तरी नव्या स्वयंपाकघराची उत्तरीय तपासणी चालू होती. पर्यवेक्षक खाकरले. पुन्हा खाकरले. तिसऱ्यांदा खाकरल्यावर एक जण म्हणाली, "काका, खोकल्याचं औषध अकरा नंबरच्या ओळीत." मग त्यांनी दोघींना सार्वजनिक जागेच्या वापराबद्दल चार शब्द सांगितले. दोघींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्याच जागी उभ्या राहून आता यांच्याबद्दल बोलायला लागल्या.

पुढे टॉवेलांच्या ढिगावर गोठवलेल्या मटाराची पिशवी पडली होती. कुणीतरी घेतली, मन बदललं, आणि हाताला लागेल तिथे टाकून चालतं झालं. टॉवेल ओले होत होते. पर्यवेक्षकांच्याने हे बघवेना. त्यांनी पिशवी उचलली आणि अर्धं गोदाम ओलांडून फ्रीजरमध्ये नेऊन ठेवली. परत येताना पुस्तकांवर पडलेले मासे दिसले, ते नेले. मग बॅटऱ्यांत लोणी. तिसऱ्या फेरीला एका आजीबाईंनी त्यांच्या गळ्यातलं कार्ड बघून त्यांना नोकर समजून वरच्या फळीवरचं खोकं काढायला सांगितलं. त्यांनी काढून दिलं. "जरा हसतमुखाने काम करावं माणसाने," आजीबाई म्हणाल्या.

चव बघायच्या टेबलापाशी चीजचे तुकडे काडीला टोचून ठेवले होते आणि एक गृहस्थ तिसऱ्यांदा रांगेत आला होता, या वेळी चष्मा काढून. पर्यवेक्षकांनी त्याला ओळखलं. असले वेषांतर करणारे त्यांनी परीक्षेच्या दारात शेकड्यांनी पकडले होते. "एका माणसाला एक तुकडा," ते म्हणाले. गृहस्थ ओशाळून गेला. पर्यवेक्षकांनी स्वतः एकच तुकडा घेतला. मग एक बायकोसाठी घेतला. बायको समोर नसल्यामुळे तो खराब होऊ नये म्हणून तोही खाल्ला, आणि मावशी, पोस्टमास्तर व दंतवैद्य यांच्या वतीने काही खावं का, या विचारात असताना त्यांना घड्याळ दिसलं.

ते खाटांच्या ओळीत पोचले तेव्हा खाटांची जागा रिकामी होती. नुसता फलक लोंबत होता: 'एका कार्डावर एकच.' जागेवर झाडू मारणारा कर्मचारी म्हणाला, "संपल्या. शेवटची आत्ता पाच मिनिटांपूर्वी गेली."

पर्यवेक्षकांच्या डोळ्यांपुढे सासरे उभे राहिले, म्हणजे खरं तर बसलेले दिसले: वीतभर कमी झालेल्या पलंगावर, गुडघे हनुवटीला लावून, सहा आठवडे. सासऱ्यांनी आयुष्यभर वजनमापं तपासायची नोकरी केली होती. त्यांनी पलंगाला पट्टी लावली असती.

आणि वळले तोच त्यांना ती दिसली. ओळीच्या तोंडाशी, रस्त्याच्या बरोबर मध्ये, तिरकी सोडून दिलेली एक ट्रॉली. आत लांबट खोकं, खोक्यावर घडीच्या उंच खाटेचं चित्र. दुसरं काहीही नाही. ना पिशवी, ना यादी, ना माणूस.

त्यांचा पहिला विचार असा की ही काय ट्रॉली सोडायची पद्धत झाली! भर रस्त्यात, तिरकी! दुसरा विचार यायला जरा वेळ लागला, आणि तो आला तेव्हा विचार म्हणून आला नाही, नियम म्हणून आला. ज्या वस्तूचा वाली जागेवर नाही ती बेवारस. त्यातून त्यांनी अजिबात घाई केली नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे. घड्याळ लावून त्यांनी तीन मिनिटं वाट पाहिली. मग नियमाप्रमाणे तीनदा पुकारा केला, "ही ट्रॉली कुणाची?" पुकारा इतक्या हळू आवाजात केला की दुसऱ्यांदा त्यांना स्वतःलाही नीट ऐकू आला नाही. उमेदवार गैरहजर. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खोकं उचललं, आपल्या ट्रॉलीत आडवं घातलं आणि वर पोस्टमास्तरांचे टॉयलेट रोल रचले. रोल झाकण्यासाठी ठेवले नव्हते. ते तिथे चांगले बसत होते इतकंच.

एवढं झाल्यावर ते चार पावलं गेले आणि मागे वळले. ती रिकामी ट्रॉली अजून रस्त्यात आडवीच होती. त्यांना राहवलं नाही. परत येऊन त्यांनी ती भिंतीला नेऊन लावली, एक डोळा मिटून ओळ बघितली, थोडी डावीकडे सारली आणि मगच निघाले.

मात्र दहा पावलांवर त्यांच्या मनात आलं. मालक परत आला तर? खोकं लांब, गर्दी ही एवढी, ट्रॉली हलेना. त्यांनी ती टायरांच्या मागे एका शांत कोपऱ्यात ठेवली आणि बायकोला शोधायला निघाले. पत्र्याखाली फोन लागत नव्हता. शेवटी टॉवेलांपाशी ती दिसली. धावतच येत होती. तोंड लालबुंद.

"अहो! कुठे होतात तुम्ही? सगळं गोदाम पालथं घातलं!"

"घाबरू नकोस," पर्यवेक्षक हसून म्हणाले. "खाट—"

"खाट गेली! चोरीला गेली! माझ्या ट्रॉलीतून!"

पर्यवेक्षकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "तुझ्या ट्रॉलीतून? तुझी ट्रॉली कुठून आली?"

बायकोने मान खाली घातली. "घेतली मी दुसरी. मला ठाऊक आहे तुमचं, एक कुटुंब एक ट्रॉली. पण तुमचा पत्ता नाही, आणि शेवटची एकच राहिलेली. रागावू नका. एक चाक अडकत होतं, माझ्याने काही ती हलेना, म्हणून तुम्हाला बोलवायला आले. परत जाऊन बघते तो ट्रॉली रिकामी, आणि तीही कुठल्या कुठे सारून ठेवलेली. मला तर ती ट्रॉली सापडायलाच पाच मिनिटं गेली."

हाच तो क्षण होता. इथे पर्यवेक्षकांनी कपाळावर हात मारून "अगं वेडे, ती मीच घेतली," असं म्हटलं असतं तर दोघं हसली असती आणि ही गोष्ट संपली असती. शब्द जिभेवर आले होते.

"किती हलकट असेल हो तो माणूस!" बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही तिथे असतात ना, तर हे होऊच दिलं नसतंत."

शब्द जिभेवरून परत गेले. जरा ती शांत झाली की सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण ती शांत होण्याऐवजी त्यांच्या दंडाला धरून तक्रार काउंटरकडे निघाली.

काउंटरवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. "बिल झालं होतं का?"

"नव्हतं."

"मग खाट दुकानाची. दुकानाची खाट दुकानातच आहे. चोरी होत नाही."

पर्यवेक्षकांचा जीव भांड्यात पडला. "बरोबर आहे यांचं," ते बायकोला म्हणाले. "नियमाने चोरी होत नाही. चल."

"ग्राहकाचं गैरवर्तन होऊ शकतं," मुलगी म्हणाली. "त्याचा फॉर्म वेगळा आहे."

गैरवर्तन! सव्वीस वर्षं ज्या शब्दावर त्यांचं घर चाललं तो शब्द एवढ्या थंडपणे कुणी त्यांच्यासमोर ठेवला नव्हता. बायकोने फॉर्म घेतला आणि लिहायला सुरुवात केली: 'कुणीतरी माझी खाट घेतली.' पर्यवेक्षक वरून वाचत होते. त्यांनी स्वतःला आवरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण इतका ढिसाळ मसुदा त्यांना सहन होईना.

"'कुणीतरी' नको," ते म्हणाले. "'एका अज्ञात इसमाने' लिही. आणि 'घेतली' काय? 'मालक जागेवर नसल्याची संधी साधून, हेतुपुरस्सर उचलून नेली.'"

"बघा, याला म्हणतात अनुभव," बायको त्या मुलीला कौतुकाने म्हणाली आणि तसंच लिहिलं. फॉर्मवर साक्षीदाराची सही लागत होती. इतर कुणीच नव्हतं. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर पर्यवेक्षकांनी साक्षीदार म्हणून सही केली, खाली तारीख घातली आणि सवयीप्रमाणे दोन रेघा ओढल्या.

फॉर्म वाचून मुलगी प्रभावित झाली. "फारच व्यवस्थित लिहिलंय. हे मॅनेजरसाहेबांना दाखवायला हवं." तक्रार जर इतकी चांगली नसती तर ती बहुधा तिथेच पडून राहिली असती.

मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये बसला होता. शनिवारने घामाघूम झालेला, बिचारा. त्याने फॉर्म वाचला आणि म्हणाला, "खाटांच्या ओळीवर कॅमेरा आहे. बघू या."

"बघू याच," बायको म्हणाली आणि खुर्चीवर पुढे सरकून बसली.

पर्यवेक्षकांच्या तोंडात आपोआप शब्द गोळा व्हायला लागले आणि ते ऐकून त्यांना स्वतःचीच भीती वाटली. 'सर, ती तिथे पडलेलीच होती.' 'सर, मला वाटलं ती कुणाचीच नाही.' 'सर, मी परत देणारच होतो.' आजवर समोरच्या खुर्चीत बसलेल्या पोरांनी हीच वाक्यं म्हटली होती, आणि ते प्रत्येक वाक्याखाली तांबडी रेघ मारत आले होते. त्यातलं एखादं पोर खरंही बोलत असेल, असं त्यांना सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा वाटलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"मला जरा बोलायचंय," ते म्हणाले. "ती खाट जी आहे ना, ती मीच..."

"तुम्ही गप्प बसा हो," बायको म्हणाली. "साहेब, यांचं ऐकू नका. भांडण वाढू नये म्हणून हे आता म्हणतील की माझीच चूक झाली, मीच लवकर पोचायला हवं होतं. असाच स्वभाव आहे. पण कुणी सरळ आहे म्हणून लोकांनी किती फायदा घ्यायचा?"

मॅनेजरने आदराने पर्यवेक्षकांकडे पाहिलं. यापेक्षा त्याने एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

पडद्यावर चित्र सुरू झालं. वरून घेतलेलं, अंधूक. बायको येते, खोकं ओढून ट्रॉलीत घालते, ट्रॉली ढकलते, ती हलत नाही, बायको जाते. मग थोडा वेळ काहीच नाही. मग एक माणूस येतो. कॅमेरा डोक्यावर, त्यामुळे चेहरा नाही. दिसतो फक्त विरळ होत आलेल्या केसांचा एक गोल. तो माणूस ट्रॉलीपाशी उभा राहतो. उभाच राहतो.

"हा करतोय काय?" मॅनेजर म्हणाला.

"घड्याळात बघतोय," बायको म्हणाली. "निर्ढावलेला दिसतोय मेला."

माणूस डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. खोकं उचलतो. दोन हातांनी टॉयलेट रोल रचतो. चित्राच्या बाहेर जातो. पर्यवेक्षकांनी डोळे मिटून घेतले.

"चेहरा काही दिसला नाही," मॅनेजर म्हणाला. "सॉरी हं मॅडम. असा माणूस शोधणार कुठे? थांबा... हा परत आला."

पर्यवेक्षकांनी डोळे उघडले. पडद्यावर तो माणूस रिकाम्या ट्रॉलीपाशी परत आला होता. त्याने ती रस्त्यातून काढली, भिंतीला लावली, जरा मागे सरला, वाकला, मान तिरकी करून ओळ बघितली आणि ट्रॉली बोटभर डावीकडे सारली.

"कमाल आहे," मॅनेजर म्हणाला. "चोर आहे की काय आहे!"

बायको पडद्याकडे बघत होती. तिच्या खांद्यांची ती पुढे झुकलेली ठेवण हळूहळू सैल झाली. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं नाही, पण तिच्या कानाची पाळी लाल होत गेलेली पर्यवेक्षकांना बाजूने दिसली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यांना कळलं की तिला कळलं. आयुष्यात इतकं लहान त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"ओळखीचा वाटतो का?" मॅनेजरने विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी ओळखत नाही या माणसाला."

तिने फॉर्म मागून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "जाऊ द्या साहेब. त्याच्याही घरी कुणीतरी म्हातारं येणार असेल."

केबिनमधून बाहेर पडल्यावर ती पुढे आणि पर्यवेक्षक चार पावलं मागे, असे ते टायरांकडे निघाले. कुठे जायचंय हे तिने विचारलं नाही. त्यांनी नुसता हात दाखवला. वाटेत त्या दोघी मैत्रिणी अजून तिथेच उभ्या होत्या. पर्यवेक्षक अंग चोरून, भिंतीला घासत त्यांच्या बाजूने निघून गेले.

"अगं," शेवटी ते म्हणाले. "मी तीनदा विचारलं होतं, ट्रॉली कुणाची म्हणून."

"मोठ्याने?"

"नाही."

टायरांचा कोपरा वळून ते दोघं आत आले आणि थबकले. त्यांची ट्रॉली होती तिथेच होती. तिच्याजवळ एक चांगल्या घरातला दिसणारा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ उभा होता. त्याने टॉयलेट रोलांचा गठ्ठा हळूच एका बाजूने उचलला होता, खालच्या खोक्यावरचं चित्र त्याला दिसलं होतं, आणि तो आता डावीकडे बघत होता. मग त्याने उजवीकडे पाहिलं आणि त्याला हे दोघं दिसले.

गठ्ठा त्याच्या हातातून खाली आला. "नाही, म्हणजे," तो म्हणाला, "मला वाटलं ही कुणाचीच नाही. मी नुसतं बघत होतो. माझ्या आईला..."

बायकोने श्वास घेतला. सकाळपासूनचं सगळं आता या माणसावर निघणार, हे उघड होतं. गृहस्थानेही ते ओळखलं आणि मान खाली घातली. पण तिच्या आधी पर्यवेक्षक पुढे झाले. त्यांनी त्या गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या हो," ते म्हणाले. "होतं असं."

त्यांना आणखी काही सुचेना, म्हणून ते पुन्हा म्हणाले, "चांगल्या माणसांच्या हातून होतं."

मागून आधी एक बारीक आवाज आला. पर्यवेक्षकांना वाटलं, रडतेय. त्यांनी घाबरून वळून पाहिलं. बायको टायरांच्या चळतीला धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, बोलता येत नव्हतं, आणि ती एक डोळा मिटून, हाताने हवेतली एक ट्रॉली बोटभर डावीकडे सारून दाखवत होती. गृहस्थ काही न समजून दोघांकडे बघत निघून गेला.

"बाबांना सांगू नकोस," पर्यवेक्षक म्हणाले.

"खाटेवर बसल्या बसल्या सांगणार," ती म्हणाली. पदराने डोळे पुसून तिने ट्रॉलीचा दांडा स्वतःच्या हातात घेतला. "व्हा पुढे. पाचला बाबा येतील. आणि माझ्या समोर चाला, मला दिसाल असे. तुमच्यावर आता नजर ठेवायला हवी."

पर्यवेक्षक निमूटपणे पुढे झाले. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांवर नजर ठेवली होती. आपल्यावरही कुणी ठेवतंय, याचं त्यांना बिल काउंटरच्या रांगेत कुणी मध्ये घुसेपर्यंत मनापासून बरं वाटत होतं.